गोळीने दाब १९ वर आला, मग ऑपरेशन कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचे वय ६७, मधुमेह आणि बीपी दोन्ही आहेत, दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आणि उजवा डोळा जास्त खराब. रात्री बायमॅटोप्रोस्ट, सकाळ-संध्याकाळ डॉर्झोलामाइड-टिमोलॉल आणि शिवाय ब्रिमोनिडीन असे तीन बाटल्यांचे थेंब चालू असतानाही उजव्या डोळ्याचा आतला दाब ३४ (मिलिमीटर पारा) निघाला. डॉक्टरांनी ॲसिटाझोलामाइडची २५० मिलिग्रॅमची गोळी, म्हणजे बहुतेकांना डायमॉक्स या नावाने माहीत असलेली, दिवसातून तीनदा सुरू केली. आठ दिवसांनी दाब १९ आला. तरीही त्यांनी ऑपरेशनची तारीख दिली. इकडे आईच्या बोटांना मुंग्या येतात, जेवण निम्म्यावर आले आहे. तुम्ही विचारता, गोळीने काम भागत असेल तर तीच चालू ठेवून ऑपरेशन टाळता येणार नाही का?

आईचे डोळे मी तपासलेले नाहीत. डोळ्याची नस किती उरली आहे, फील्ड टेस्टमध्ये, म्हणजे नजरेचा आवाका मोजणाऱ्या तपासणीत, किती भाग काळा आला आहे, डोळ्यातले पाणी बाहेर जाते तो कोन उघडा आहे की मिटलेला, हे काहीच मला ठाऊक नाही. ऑपरेशनचा निर्णय याच तीन गोष्टींवर ठरतो, त्यामुळे तो निर्णय इथून देणे बरोबर होणार नाही. पण ही गोळी डोळ्यात नेमके काय करते आणि त्यासाठी शरीराकडून काय वसूल करते, हे समजले की १९ चा आकडा पाहूनही तुमच्या डॉक्टरांचे समाधान का झाले नाही ते आपोआप कळेल.

डोळ्याच्या पुढच्या भागात एक पाणी सतत तयार होत असते आणि सतत बाहेर जात असते. अश्रू वेगळे, हे पाणी डोळ्याच्या आतले. बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यामागे सिलियरी बॉडी नावाचा भाग आहे. तिथे हे पाणी मिनिटाला साधारण दोन ते अडीच मायक्रोलिटर या गतीने बनते, बाहुलीतून पुढे येते आणि कडेच्या कोनातल्या बारीक जाळीतून रक्तात मिसळते. दीड-दोन तासांत सगळे पाणी बदलून नवे येते. काचबिंदूत बिघाड जवळजवळ नेहमी बाहेर जाण्याच्या वाटेत असतो. नळ ठीक चालू आहे, मोरी तुंबली आहे, म्हणून पाणी चढते.

पाणी बनवताना सिलियरी बॉडीला कार्बोनिक अनहायड्रेज नावाचे एन्झाइम लागते. ॲसिटाझोलामाइड ते एन्झाइम अडवते आणि पाणी बनणे बरेच कमी होते. म्हणजे गोळी नळ बारीक करते. मोरीला ती हातही लावत नाही. अंमल उतरला की नळ पुन्हा पहिल्यासारखा वाहू लागतो. तुमच्या आईच्या डोळ्याचा स्वतःचा दाब आजही ३४ च्या आसपासच आहे. १९ हा गोळीने धरून ठेवलेला दाब आहे. दोन-तीन मात्रा चुकल्या की तो पुन्हा वर जातो. त्यामुळे 'आठ दिवसांत फरक पडला' म्हणून डोळा सुधारला असे धरून चालता येत नाही.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. गोळीने लघवी जास्त होते, म्हणून शरीरातले पाणी कमी होऊन डोळ्याचा दाब उतरतो, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. लघवी वाढते ती मूत्रपिंडातही हेच एन्झाइम असते म्हणून. लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइडसारख्या नेहमीच्या गोळ्यांनी काचबिंदूचा दाब ताब्यात येत नाही. उलट ॲसिटाझोलामाइड घेताना काही दिवसांत लघवीचे प्रमाण पूर्ववत होत जाते, तरी डोळ्यावरचा परिणाम चालूच राहतो. म्हणून 'आता लघवी जास्त होत नाही, गोळी लागू पडत नाही वाटते' असे म्हणून मात्रा वाढवू नका, आणि गोळी चांगली 'लागावी' म्हणून पाणी पिणे तर मुळीच कमी करू नका. त्याचे कारण मुतखड्यापाशी येईल.

आता १९ या आकड्याविषयी. तो गोळी घेतल्यावर किती तासांनी मोजला? साधी गोळी तास-दीड तासात काम सुरू करते, दोन ते चार तासांनी तिचा जोर सर्वाधिक असतो आणि मग उतरत जातो. सकाळी नऊला गोळी घेऊन साडेअकराला दाब मोजला, तर तो दिवसातला सर्वांत चांगला आकडा असण्याची शक्यता मोठी. पुढची मात्रा घेण्याच्या जरा आधी, संध्याकाळी मोजला तर २४ ही निघू शकतो. पुढच्या तपासणीला जाताना शेवटची गोळी आणि थेंब किती वाजता घेतले ते कागदावर लिहून न्या. डॉक्टरांना त्या एका ओळीचा उपयोग फार होतो.

आणि १९ सगळीकडे पुरेसा असतो असेही नाही. रिपोर्टवर १० ते २१ ही नेहमीची मर्यादा छापलेली असते, पण ती निरोगी डोळ्यांची आहे. नस जितकी जास्त खराब तितका दाब अधिक खाली ठेवावा लागतो. फील्ड बरेच गेले असेल तर आम्ही १२-१३ च्या आसपास राहण्याचा प्रयत्न करतो. तीन थेंब आणि पूर्ण ताकदीची गोळी एवढे सगळे वापरून १९ आला असेल आणि उजव्या डोळ्याची नस खूप गेली असेल, तर औषधांच्या हातात आता फारसे काही शिल्लक नाही. तुमच्या डॉक्टरांनी तारीख दिली ती बहुधा याच हिशेबाने.

तुमच्या मनात असेही येईल की पूर्वी लोक ही गोळी वर्षानुवर्षे घेत. खरे आहे. बर्नार्ड बेकर यांनी १९५४ मध्ये ॲसिटाझोलामाइडने माणसाच्या डोळ्याचा दाब उतरतो हे दाखवले. त्या वेळी पायलोकार्पिनसारखे थोडेच थेंब हाताशी होते, त्यामुळे गोळी हा मोठाच आधार होता. टिमोलॉल १९७८ मध्ये आले, गोळीच्याच जातीचा थेंब डॉर्झोलामाइड १९९५ मध्ये आणि लॅटानोप्रोस्ट १९९६ मध्ये. तेव्हापासून गोळीचे काम आखडत गेले. ती आता मुख्यतः वेळ मिळवण्यासाठी वापरतात. दाब एकदम चढला असताना, ऑपरेशनच्या तारखेपर्यंत, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर किंवा लेझरनंतर दाब वाढला तर एक-दोन दिवस. त्या वेळात मोरीचे काय करायचे ते ठरवायचे असते.

आता मुंग्या. हाताची बोटे, पायाची बोटे, ओठांभोवती झिणझिण्या, हे इतके नेहमीचे आहे की गोळी देतानाच सांगून ठेवावे लागते. त्याने नसांना कायमचे काही होत नाही, गोळी थांबली की जाते. फक्त आईला मधुमेह आहे, म्हणून पायांतल्या मुंग्या गोळीच्या आधीपासून होत्या का ते विचारा. आधीच्या असतील तर त्यांचे कारण वेगळे, आणि त्या गोळीच्या नावावर जमा होऊन दुर्लक्षित राहतात. तोंडाला धातूसारखी चव येते, सोडा किंवा कोल्ड्रिंक अगदी बेचव लागते. जिभेवर बुडबुड्यांची झणझण जाणवायलाही हेच एन्झाइम लागते, म्हणून. याने काही बिघडत नाही.

भूक जाणे मात्र वेगळ्या रांगेत आहे. ही गोळी मूत्रपिंडातून बायकार्बोनेट बाहेर टाकते आणि रक्त थोडे आम्लाकडे झुकते. तरुण माणसाला ते पचते. साठी-सत्तरीच्या बाईला अन्नावरची वासना उडणे, वजन उतरणे, अंगात त्राण नसणे, गप्प-गप्प राहणे, दिवसभर पडून राहावेसे वाटणे असे सगळे मिळून होते. घरचे म्हणतात 'वय झाले' किंवा 'ऑपरेशनची धास्ती घेतली'. गोळी सोडून देणारे बरेच जण याच कारणाने सोडतात. आईचे जेवण निम्म्यावर आले आहे हे तुम्ही ओघात लिहिले आहे, पण माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच. मधुमेहाची औषधे पूर्वीइतकीच आणि जेवण निम्मे, याचा अर्थ साखर खाली जाण्याचा धोका. विशेषतः इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर आजच तिच्या डॉक्टरांना फोन करा आणि घरी साखर तपासत राहा.

रक्ताची तपासणी झाली आहे का? क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम आणि शक्य असेल तिथे बायकार्बोनेट, एवढे गोळी सुरू करताना आणि चालू राहणार असेल तर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा पाहावे. क्रिएटिनिनच्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नका. ही गोळी मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते. ६७ वर्षांच्या बाईचे क्रिएटिनिन १.१ असेल तर लॅब ते नॉर्मल म्हणून छापते, पण त्यावरून ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड रक्त किती गाळते त्याचा अंदाज, काढला तर ५५ च्या आसपास येतो, म्हणजे मूत्रपिंडाचे काम आधीच कमी झालेले आहे. अशा वेळी मात्रा कमी करतात, दोन मात्रांतले अंतर वाढवतात. मूत्रपिंड फारच निकामी असेल किंवा डायलिसिस चालू असेल तर ही गोळी देत नाहीत. ती शरीरात साठून गुंगी आणि भ्रम होतो.

पोटॅशियमबद्दल एक सल्ला सगळीकडे ऐकू येतो: 'डायमॉक्स चालू आहे ना, मग रोज केळी आणि नारळपाणी घ्या.' आईच्या बीपीच्या गोळीचे नाव आधी नीट वाचा. नावापुढे 'एच' किंवा 'एचसीटी' असेल तर त्यात हायड्रोक्लोरोथायाझाइड आहे. ते पोटॅशियम कमी करते, डायमॉक्सही कमी करते, दोन्ही मिळून पायांत गोळे येतात, छातीत धडधडते. नुसती टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन असेल तर ती पोटॅशियम धरून ठेवते, आणि मूत्रपिंड थोडे अशक्त असेल तर वरून पोटॅशियमचे पातळ औषध देणे धोक्याचे. म्हणून अंदाजाने काही सुरू करू नका. रक्ताची साधी तपासणी खरे काय ते सांगते. हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर पोटॅशियम खाली जाणे जास्तच महागात पडते.

मधुमेहाच्या औषधांत मेटफॉर्मिन असेल आणि मूत्रपिंड ठीक असेल तर दोन्ही एकत्र चालतात, पण उलट्या-जुलाब झाले की दोन्हींचा एकत्र त्रास होऊ शकतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीतून साखर टाकतात. जेवण बंद असताना त्यांनीही रक्त आम्लधर्मी होण्याचा धोका असतो. या यादीतले काही चालू असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना आणि मधुमेहाच्या डॉक्टरांना दोघांनाही सांगा. हृदयासाठी ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन असेल तर ती आपल्या मनाने बंद करायची नसते, फक्त सांगून ठेवायचे. अंगदुखीसाठी मोठ्या मात्रेची ॲस्पिरिन मात्र या गोळीबरोबर अजिबात नको. रक्तातले आम्ल आणि ॲस्पिरिनची विषबाधा एकमेकांना वाढवतात. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल घ्यावी. मायग्रेन किंवा फिट्ससाठी टोपिरामेट चालू असेल तर तीही हेच एन्झाइम अडवते, दोन्ही मिळून मुतखडा आणि आम्लाचा त्रास वाढतो.

मुतखड्याचे कारण असे. गोळीने लघवीतले सायट्रेट कमी होते. सायट्रेट कॅल्शियमला विरघळलेले ठेवते. ते कमी झाले आणि लघवी अल्कधर्मी झाली की कॅल्शियम फॉस्फेटचे खडे धरतात. पूर्वी खडा होऊन गेला असेल तर ते डॉक्टरांना नक्की सांगा. एप्रिल-मे मध्ये, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, घाम इतका जातो की लघवी आपोआप घट्ट होते. हृदय किंवा मूत्रपिंडासाठी पाण्यावर बंधन नसेल तर दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी पोटात जायला हवे. हरतालिकेसारखा निर्जळी उपवास या गोळीवर असताना करू नये, हे आईला प्रेमाने पण ठामपणे सांगा. आम्लपित्तासाठी खाण्याचा सोडा घेण्याची सवय असेल तर तीही थांबवा, खड्याचा धोका त्याने वाढतो.

ज्यांना ही गोळी देऊच नये असेही लोक आहेत. लिव्हर सिऱ्हॉसिस असलेला माणूस, कारण अमोनिया साठून तो बेशुद्धीकडे जाऊ शकतो. गरोदरपणाचे पहिले महिने. सोडियम-पोटॅशियम आधीच खूप खाली असलेले. सल्फाची गंभीर ॲलर्जी. हे औषध सल्फाच्याच कुळातले आहे. सेप्ट्रानसारख्या सल्फा अँटिबायोटिकने कधी हलके पुरळ आले होते एवढ्यावरून हे औषध बाधेलच असे नाही, दोन्हींची रचना वेगळी आहे. पण तेव्हा तोंडात फोड, कातडी सोलणे, श्वास लागणे असे काही झाले असेल तर आम्ही ते पान उघडतच नाही. आणखी एक गोष्ट आपल्या राज्यात विचारायलाच हवी: सिकलसेल. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भातल्या इतर जिल्ह्यांतल्या कुटुंबांत हा रक्तदोष आहे. या गोळीने रक्त आम्लाकडे झुकले की अशा पेशी जास्त वाकड्या होतात. मार लागून डोळ्यात रक्त साचलेले असेल तर त्याच पेशी जाळीत अडकून दाब आणखी चढतो. अशा रुग्णाला सिकलसेलची तपासणी न करता ही गोळी देणे म्हणजे घाई.

आता तुमच्या आईच्या थेंबांकडे या. डॉर्झोलामाइड आणि ॲसिटाझोलामाइड एकाच जातीची औषधे आहेत, तेच एन्झाइम अडवतात. पूर्ण मात्रेत गोळी चालू असताना डॉर्झोलामाइडच्या थेंबाने दाब आणखी फारसा उतरत नाही, डोळ्याची जळजळ मात्र होते. पण तुमची बाटली मिश्र आहे, तिच्यात टिमोलॉलही आहे. ती बंद केली तर टिमोलॉलही बंद होईल आणि दाब वाढेल. डॉक्टरांना सरळ विचारा: 'गोळी चालू असेपर्यंत नुसते टिमोलॉल चालेल का?' आणि गोळी थांबवतील त्या दिवशी मिश्र बाटली परत सुरू करायची हेही तेव्हाच लिहून घ्या. हा अदलाबदल लोक विसरतात. बीपी किंवा हृदयासाठी ॲटेनोलॉल, प्रोप्रानोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर तेही सांगा. ती गोळी डोळ्याचा दाब थोडा उतरवतेच, त्यामुळे टिमोलॉलच्या थेंबाचा फायदा कमी मिळतो आणि नाडी मंद होण्याचा धोका वाढतो.

मुळात तीन थेंबांवर दाब ३४ का झाला? गोळीच्या धावपळीत हा प्रश्न मागे पडतो. थेंब डोळ्यात पडतो की गालावर, हे एकदा समोर बसून पाहा. खालची पापणी ओढून एकच थेंब टाकायचा, डोळा हलकेच मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरायचा. दोन औषधांमध्ये किमान पाच मिनिटे जाऊ द्यायची, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो. महिन्याची बाटली दोन महिने पुरत असेल तर थेंब चुकताहेत. बाटली पंधरा दिवसांत संपत असेल तर ते बाहेर पडताहेत. दुसरे कारण स्टेरॉइड. दम्याचा पंप, त्वचेचे मलम, गुडघ्यात घेतलेले इंजेक्शन, सांधेदुखीसाठी कुणी दिलेली बिननावाची पुडी, यांतल्या कशानेही काही लोकांचा दाब चढतो. असे काही सापडले आणि ते डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवता आले, तर चित्र बदलू शकते. स्टेरॉइडच्या गोळ्या मात्र स्वतः एकदम बंद करू नका.

तिसरी गोष्ट कोनाची. आपल्याकडे कोन मिटत जाणारा काचबिंदू कमी नाही. गोनिओस्कोपी, म्हणजे डोळ्यावर लहान भिंग ठेवून कोन पाहणे, झालेली नसेल तर ती व्हायला हवी. अशा डोळ्यात ही गोळी महिनोन्महिने देणे चूकच, कारण आकडा बरा दिसत राहतो आणि मागे कोन कायमचा चिकटत जातो. कोन अरुंद असेल तर आधी लेझरने रंगीत पडद्याला छिद्र किंवा कधी मोतीबिंदू काढून लेन्स बसवणे हा खरा उपाय असतो.

इथपर्यंतचे एकदा जुळवून पाहू. गोळी दाब उतरवते, पण घेत राहीपर्यंतच. १९ हा त्या डोळ्यासाठी पुरेसा आहे का हे नसेवर ठरते. आणि आईचे शरीर ही गोळी फार सुखाने सोसत नाही, हे आठ दिवसांतच दिसले आहे.

ऑपरेशनपर्यंत गोळी चालू राहील, ती कशी घ्यायची ते सांगतो. जेवणानंतर घ्या, पोटाला त्रास कमी होतो. तीन मात्रा दिवसभरात सारख्या अंतराने, म्हणजे सकाळी सात, दुपारी दोन, रात्री नऊ अशा. सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी सहा अशा घेतल्या तर पहाटे डोळा औषधाविना राहतो. सुरुवातीच्या दिवसांत रात्री लघवीला उठावे लागते, म्हणून वाटेत दिवा ठेवा, गुंगी आणि अशक्तपणात पडण्याची भीती खरी आहे. मात्रा विसरली तर आठवताच घ्या, पण पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दोन गोळ्या एकदम नकोत. सर्वसाधारणपणे दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर जाण्यात फायदा नाही. साधी गोळी सोसत नसेल तर हळूहळू विरघळणारी कॅप्सूल मिळते, काहींना ती बरी पडते. तिची पूड करायची नाही. नाहीतर अर्धी गोळी, म्हणजे १२५ मिलिग्रॅम, दोन-तीन वेळा देऊन भागते का ते डॉक्टर पाहू शकतात. लेह-लडाखला जाणारे उंचीच्या त्रासासाठी साधारण इतकीच मात्रा घेतात, म्हणून शेजारचा कुणी ट्रेकर 'मी घेतली होती, काही होत नाही' म्हणेल. त्याचे वय, त्याचे मूत्रपिंड आणि त्याचे चार दिवस यांची आईशी तुलना करू नका.

काही लक्षणे दिसली तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे: अंगावर पुरळ, तोंडात किंवा ओठांवर फोड, ताप आणि घसा खूप दुखणे, हिरड्यांतून रक्त, आपटल्याशिवाय अंगावर निळे-काळे डाग, धाप लागल्यासारखा खोल श्वास, बोलण्यात गोंधळ, कमरेतून जांघेकडे येणारी कळ. रक्तपेशी एकदम घटणे फार दुर्मिळ आहे, पण ते कुणाला होईल हे आधी कळत नाही, त्यामुळे लक्षणे घरच्यांना पाठ असलेली बरी. उलट्या-जुलाब सुरू झाले तर पुढची मात्रा घेण्याआधी फोन करा. 'मुंग्या येतात' म्हणून मात्र परस्पर बंद करू नका, दुसऱ्याच दिवशी दाब ३४ असू शकतो.

तोंडाने देण्याचे दुसरे औषध म्हणजे ग्लिसरॉल. एकदम लालभडक डोळा, असह्य दुखणे, उलट्या, दिव्याभोवती रंगीत कडी आणि दाब ५०-६०, असा झटका आला की ते दवाखान्यात देतात. वजनाच्या किलोमागे एक ते दीड ग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ५० टक्के द्रावण १०० ते १५० मिलिलिटर, लिंबाचा रस घालून. ते रक्त दाट करून डोळ्यातले पाणी ओढून घेते, म्हणून वर लगेच पाणी प्यायला देत नाहीत. फार गोड असल्याने उलटी होते. मधुमेहात ते टाळतात, कारण शरीरात त्याची साखर बनते. हृदय किंवा मूत्रपिंड अशक्त असेल तरीही सांभाळून. तुमच्या आईसाठी ते जवळजवळ बादच आहे, आणि मेडिकलमधली ग्लिसरीनची बाटली घरी पाजण्याचा प्रयोग कुणासाठीच करू नये. याशिवाय 'डोळ्याच्या नसेची' म्हणून जी जीवनसत्त्वांची गोळी मिळते, ती दाब उतरवत नाही. तिच्यावर विसंबून काही बंद करू नका.

गोळी महिनोन्महिने देण्याची वेळही येते. हृदयामुळे ऑपरेशन झेपणार नाही, माणूस अंथरुणाला खिळला आहे, हात थरथरतात आणि थेंब घालणारे कुणी नाही, किंवा दोन ऑपरेशने फसलेला एकुलता एक डोळा उरला आहे, अशा वेळी. तेव्हा आम्ही सर्वांत कमी मात्रेत भागवतो, रक्त ठराविक काळाने पाहतो आणि दर वेळी 'अजून गरज आहे का' हे नव्याने ठरवतो. तुमच्या आईचे यांपैकी काही असल्याचे तुम्ही लिहिलेले नाही.

ऑपरेशनची भीती मी समजू शकतो. ट्रॅबेक्युलेक्टॉमीत वरच्या पापणीखाली पाण्याला नवी वाट करून देतात, म्हणजे मोरीचे काम करतात. गेलेली नजर त्याने परत येत नाही, हे आधीच पक्के समजून घ्या, नाहीतर नंतर फसवणूक झाल्यासारखे वाटते. पहिले काही आठवडे वरचेवर तपासणी लागते, टाके सोडावे लागतात, आणि पुढे आयुष्यभर तो डोळा लाल झाला, चिकट झाला की त्याच दिवशी दाखवावे लागते. एवढे घरातून जमेल का, कोण नेईल-आणील, याची सोय तारखेच्या आधी करा. त्याआधी लेझरने काही साधेल का, मोतीबिंदू बरोबरच काढायचा का, आईचे लक्ष्य म्हणून दाब किती ठरवला आहे, हे तीन प्रश्न विचारा. गेल्या दोन-तीन फील्ड टेस्ट शेजारी ठेवून दाखवायला सांगा. काळा भाग वाढताना दिसला तर तुम्हालाच निर्णय सोपा जाईल.

आणि एक गोष्ट डाव्या डोळ्याची. थेंब त्या-त्या डोळ्यापुरता असतो, गोळी दोन्ही डोळ्यांवर काम करते. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर गोळी बहुधा त्याच दिवशी बंद करतील, कारण नवी वाट उघडी राहायला तिच्यातून पाणी वाहायला हवे. सगळे लक्ष उजव्या डोळ्याच्या पट्टीकडे असते आणि इकडे डाव्या डोळ्याचा गोळीचा आधार गेलेला असतो. डाव्याचे थेंब एकही दिवस चुकू देऊ नका, मिश्र बाटली बदलली असेल तर डाव्या डोळ्यात ती परत सुरू झाली का ते पाहा, आणि पट्टी काढायच्या दिवशीच डाव्या डोळ्याचाही दाब मोजून लिहून घ्या. आठवड्याने पुन्हा एकदा.